रेडियमच्या मात्रेचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा इतिहासाचे एक पुष्प गुंफण्यासाठी आम्हांस बोलावले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा ऊसतोड कामगारांच्या संपांचा इतिहास असावा. आमच्या उमेदीची वर्षे त्यातच गेली आणि त्यावर आम्ही झोपेतून उठवले तरी दोन तास बोलू शकतो. परंतु आम्ही विषय कळवला तो निराळाच. कर्करोगावर रेडियमने उपचार करताना किरणांची मात्रा लोक कशी मोजत आले, त्याचा हा इतिहास. चालकांपैकी एक वकील आमचे स्नेही आहेत. ते म्हणाले, "अहो, हा डॉक्टर लोकांचा विषय. तुम्ही त्यात कुठे शिरता?" आम्ही त्यांना एवढेच सांगितले की औषध डॉक्टरांचे असेल, पण हिशेब ज्याच्या अंगावर होतो त्याचाही असतो, आणि हिशेबाखेरीज दुसरा धंदा आम्ही केलेला नाही.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, मराठी विश्वकोशाच्या खंडांवर आणि जाणत्यांना विचारून विचारून. सभेत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक बसलेले आम्हांस दिसतात. आमचे कुठे चुकले तर त्यांनी व्याख्यानानंतर खुशाल कान धरावा.

उसाच्या फडात मजुरी टनावर मिळते. टन ठरतो काट्यावर, आणि काटा आमच्या हाती नसतो. काटामारी हा शब्द बीड जिल्ह्यातल्या पोराला बाराखडीच्या आधी कळतो. कोणी किती तास राबले हे एक माप, काट्यावर किती वजन उतरले हे दुसरे, आणि मुकादमाची उचल फिटून घरी किती आले हे तिसरे. या तीन मापांमधल्या अंतरातच आमच्या संघटनेचा जन्म झाला. रेडियमच्या उपचाराची हकिगत वाचताना आम्हांस पदोपदी हेच अंतर दिसत गेले: किती घातले, किती पोहोचले, आणि पोहोचलेल्याचा उपयोग किती झाला.

प्रथम उपचार कोणता ते सांगितले पाहिजे. भगिनींनी संकोच करू नये. विषयच तसा आहे. गर्भाशयाच्या मुखाशी होणारा कर्करोग आपल्याकडच्या कष्टकरी बायकांत फार. त्यावर बाहेरून किरण सोडतात, त्याला आपल्याकडे नुसते 'शेक' म्हणतात. पण एवढ्याने भागत नाही. गर्भाशयाच्या पोकळीत एक बारीक नळी आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन छोट्या डब्या बसवून किरण देणारा पदार्थ रोगाच्या अगदी उशाशी नेऊन ठेवावा लागतो. या आतल्या शेकाला ब्रॅकीथेरपी म्हणतात. ग्रीक भाषेत 'ब्रॅकी' म्हणजे आखूड, जवळचे. हे नाव स्वीडनच्या फोर्सेल यांनी १९३१ मध्ये सुचवले; उपचार त्याच्या तीस वर्षे आधीपासून चालू होता.

जवळ नेण्यात सारे मर्म आहे आणि सारा धोकाही त्यातच आहे. कोपीतल्या कंदिलापासून एक हातावर धरलेल्या कागदावर जेवढा उजेड पडतो, त्याच्या चौथाईच उजेड दोन हातांवर पडतो. चार हातांवर सोळावा हिस्सा. किरणांचेही तसेच. एक मिलिग्रॅम रेडियम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या प्लॅटिनमच्या नळीत बंद केले, तर एक सेंटिमीटरवर दर ताशी ८.२५ रोंटजेन इतके किरण मिळतात. दोन सेंटिमीटरवर ते दोनाच्या थोडे वर राहतात, चार सेंटिमीटरवर अर्ध्यावर येतात. म्हणजे रोगाच्या गाठीवर मारा जबर होतो आणि बाकीचे शरीर बऱ्याच अंशी सुटते. पण उलट बाजू अशी की एक सेंटिमीटरवरची जागा दोन मिलिमीटरने, म्हणजे ज्वारीच्या अर्ध्या दाण्याइतकी जरी जवळ आली, तरी तिच्यावरची मात्रा दीडपटीहून अधिक होते. आणि गर्भाशयाच्या पुढे मूत्राशय, मागे गुदाशय. दोघेही शेजारी भिंतीला भिंत लावून बसलेले. मात्रा कमी पडली तर रोग राहतो, जास्त झाली तर या शेजाऱ्यांना भोके पडतात. वैद्य लोक मात्रा लागू पडली असे म्हणतात. इथे ती लागू पडण्याची पट्टी फार अरुंद आहे.

रेडियमचा शोध पियर आणि मारी क्यूरी यांनी १८९८ च्या डिसेंबरात लावला. १९०१ मध्ये हेन्री बेकेरेल यांनी रेडियमची कुपी अंगरख्याच्या खिशात ठेवून प्रवास केला आणि खिशाखालची कातडी भाजून निघाली. पियर क्यूरी यांनी मग मुद्दाम स्वतःच्या हातावर रेडियम बांधून तशीच जखम करून घेतली. दोघांनी मिळून ते प्रसिद्ध केले. जे कातडी जाळते ते रोगही जाळील, या विचाराने पॅरिसच्या सेंट लुई इस्पितळातील दान्लो या डॉक्टरांनी त्याच वर्षी ते त्वचारोगावर लावून पाहिले. टेलिफोनवाले ग्राहम बेल यांनीही १९०३ मध्ये एका डॉक्टरांना पत्राने सुचवले की रेडियमचा कण काचेच्या बारीक नळीत घालून तो थेट गाठीच्या पोटात का ठेवू नये? त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मार्गारेट क्लीव्ह्ज या डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडियम वापरले.

या काळात मात्रा मोजायची कशी? कातडी किती लाल झाली, यावरून. जो लालपणा एका डॉक्टरांना पुरेसा वाटे तो दुसऱ्यांना थोडा वाटे. जिल्ह्याजिल्ह्यांत मणाचे वजन निराळे असावे तशातला प्रकार. कित्येक डॉक्टर आपल्याच दंडावर तपासून पाहत. त्यांच्या बोटांचे आणि दंडांचे पुढे काय झाले ते सांगण्यासारखे नाही. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चकाकणारा रंग देणाऱ्या कारखान्यातल्या मुली कुंचल्याला ओठांनी टोक काढत. त्यांच्या जबड्यांची हाडे सडली आणि नुकसानभरपाईसाठी त्यांना कोर्टात जावे लागले. इस्पितळात मात्रा मोजण्याची धडपड चालली होती त्याच काळात कारखान्यात ती मोजण्याची कोणाला गरज वाटली नाही, एवढी नोंद करून आम्ही पुढे जातो.

मग आले मिलिग्रॅम-तास. किती मिलिग्रॅम रेडियम आत ठेवले आणि किती तास ठेवले, यांचा गुणाकार. समजा, साठ मिलिग्रॅम १२० तास ठेवले. झाले ७,२०० मिलिग्रॅम-तास. स्टॉकहोमच्या रेडियमहेमेट या १९१० मध्ये उघडलेल्या इस्पितळात पुष्कळ रेडियम थोडा वेळ, मध्ये काही आठवड्यांचे अंतर टाकून, दोन-तीनदा ठेवीत. पॅरिसला रेगो यांच्या पद्धतीत थोडे रेडियम सतत पाच-सहा दिवस ठेवीत. दोन्हीकडचा गुणाकार सात-आठ हजारांच्या घरातच येई, पण शरीरावरचा परिणाम मात्र सारखा नसे.

हा हिशेब आम्हांस फार ओळखीचा वाटला. हजेरीपटावर असाच असतो: इतके कोयते, इतके दिवस. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊसतोडीच्या भाषेत दोन माणसांचा मिळून एक आकडा. हजेरीपटावरून किती माणसे किती दिवस फडावर होती ते कळते, ऊस किती निघाला ते कळत नाही. मिलिग्रॅम-तासांचे तसेच. रेडियम किती घातले ते त्यात आहे. रोगाच्या कडेला किती पोहोचले आणि शेजारच्या गुदाशयाने किती खाल्ले, ते त्यात नाही. नळी लांब आहे की आखूड, दोन डब्यांमध्ये अंतर किती, हे बदलले की पोहोच बदलते. गुणाकार मात्र जागचा हलत नाही.

पोहोच मोजायची तर आधी एकक पाहिजे. ते रोंटजेन या नावाने १९२८ मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले. रेडियमच्या लांबट नळीभोवती कोणत्या ठिकाणी किती किरण येतात, हे काढण्याचे गणित रॉल्फ सीव्हर्ट या स्वीडिश पदार्थवैज्ञानिकाने १९२१ मध्येच मांडले होते. वजन आले, सूत्र आले. काटा कुठे ठेवायचा एवढेच ठरायचे राहिले.

ते ठरले मँचेस्टरला. आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांना मँचेस्टर ठाऊक आहे ते कापडगिरण्यांचे गाव म्हणून. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत तेलाने माखलेल्या यंत्रांवर वर्षानुवर्षे ओणवे राहणाऱ्या कामगारांना एक विशिष्ट कर्करोग होई, हेही त्या मुलखातच उजेडात आले. तेथील होल्ट रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये राल्स्टन पॅटर्सन हे डॉक्टर आणि हर्बर्ट पार्कर हे पदार्थवैज्ञानिक यांनी १९३४ मध्ये रेडियमच्या सुया कशा मांडाव्यात याचे नियम आणि तक्ते दिले. १९३८ मध्ये मार्गारेट टॉड या डॉक्टरीणबाई आणि मेरेडिथ हे पदार्थवैज्ञानिक यांनी गर्भाशयमुखासाठी स्वतंत्र पद्धत बांधली. त्यांनी मिलिग्रॅम-तास बाजूला ठेवले आणि शरीरात एक जागा नेमली: योनीच्या माथ्यापासून दोन सेंटिमीटर वर आणि गर्भाशयाच्या मध्यरेषेपासून दोन सेंटिमीटर बाजूला. हा 'बिंदू अ'. तीच जागा का? तर गर्भाशयाची रक्तवाहिनी आणि मूत्रवाहिनी तेथे एकमेकींना ओलांडतात. किरणांचा अतिरेक प्रथम बाधतो तो त्या टापूला, असे त्यांचे मत होते. मध्यरेषेपासून पाच सेंटिमीटरवर दुसरा, 'बिंदू ब'.

यापुढे विचारायचे ते इतकेच: बिंदू अ वर किती पोहोचले? त्यांचा दंडक होता सुमारे १४० तासांत, दोन खेपांना मिळून, ८,००० रोंटजेन. आणि खरी करामत पुढेच आहे. नळ्यांतील रेडियमचे वाटप त्यांनी असे बसवले की गर्भाशय लांब असो वा आखूड, डब्या लहान असोत वा मोठ्या, बिंदू अ वरचा ताशी दर जवळजवळ तोच राहावा. ज्या इस्पितळात पदार्थवैज्ञानिक नाही, तेथील डॉक्टरानेही तक्ता उघडून बरोबर मात्रा द्यावी, ही त्यामागची दृष्टी. चांगला हिशेब हा चार शहाण्यांच्या डोक्यात राहून चालत नाही. तो भिंतीवर टांगता आला पाहिजे. आमच्या मते, त्या काळच्या सगळ्या शोधांत हे काम सर्वांत लोकोपयोगी.

तथापि तिथेही एक खोट राहिली, आणि ती पुढे महत्त्वाची ठरते. बिंदू अ हा नळीवरून मोजलेला आहे, गाठीवरून नव्हे. गाठ लहान असेल तर ती बिंदूच्या अलीकडेच संपते आणि पुरती भाजून निघते. गाठ पसरून बिंदूच्या पलीकडे गेली असेल, तर काट्यावर आकडा बरोबर दिसतो आणि गाठीची कड उपाशी राहते. किरणांचा पसारा पेरूच्या आकाराचा असतो. रोग पेरूच्या आत आहे तोवर हिशेब आपला; बाहेर गेला की हिशेब रोगाचा.

आपल्या देशात हे ज्ञान आले ते मुंबईच्या परळमध्ये, गिरणगावाच्या मध्यभागी. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दुसऱ्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या न्यासाने बांधलेले टाटा मेमोरियल इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. रामय्या नायडू हे मादाम क्यूरींच्या हाताखाली पॅरिसला शिकलेले पदार्थवैज्ञानिक. त्यांनी त्या इस्पितळात रेडॉनचे यंत्र उभे केले. रेडियममधून रेडॉन नावाचा वायू सतत निघत असतो. तो शोषून बारीक नळ्यांत कोंडला की त्या नळ्या रेडियमचे काम करतात आणि मूळ रेडियम जागच्या जागी सुरक्षित राहते. मात्र रेडॉन चार दिवसांच्या आतच निम्मा होतो. म्हणून सोमवारी भरलेल्या नळीचा हिशेब गुरुवारी चालत नाही. हिंदुस्थानात इस्पितळातील पदार्थवैज्ञानिक या धंद्याची सुरुवात नायडूंपासून धरतात. टाटा इस्पितळ १९५७ मध्ये भारत सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुशक्ती खात्याकडे गेले. त्याच १९६२ साली तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात किरणपदार्थविज्ञानाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. देशभरच्या इस्पितळांत मात्रा मोजणारी कितीतरी मंडळी तेथे घडली.

आपला बीड जिल्हा त्या काळी कुठे होता? १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आणि त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. आपल्या माणसांची सरकारी वाट हैदराबादेची होती, आणि तेथे कर्करोगाचे वेगळे इस्पितळ निघाले ते १९५५ मध्ये. म्हणजे ते निघाले आणि वर्षभरात आपण मुंबईकडे आलो. त्याआधीच्या पिढीतल्या किती बायका या रोगाने कोणाला न सांगता गेल्या, त्याचा हजेरीपट कुठेही नाही.

तो पट प्रथम कोणी मांडला असेल तर बार्शीने. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण आपल्या शिवेपासून दूर नाही. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग इस्पितळात, टाटा इस्पितळाच्या साहाय्याने, १९८७ मध्ये ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे. निव्वळ खेड्यांसाठी अशी नोंदणी देशात ही पहिलीच. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. शहरातली नोंदणी इस्पितळाच्या कागदांवरून होते. इथे इस्पितळापर्यंत माणूसच येत नाही, मग कागद कुठून येणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, पारावर बसले, अंगावरून अवेळी रक्त जाणे हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही असे सांगत फिरले. नोंद करता करता बायका लवकर दाखवायला येऊ लागल्या, असे त्यांना आढळले. लवकर येणे म्हणजे काय, तर गाठ पेरूच्या आत असताना येणे. मँचेस्टरच्या तक्त्याला जे साधत नव्हते ते भूम-परांड्याच्या पारावर थोडेफार साधले.

पुढे शेजारच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याला आता धाराशिव म्हणतात, ५२ ग्रामसमूहांतील तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगाला कारण होणारा विषाणू एकदा तपासला आणि ज्यांच्यात पुढचा दोष आढळला त्यांना उपचार दिले, तर त्या गटातले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले: ६४ च्या जागी ३४. हा आकडा जगभर गेला. त्यात एक बोच आहे तीही सांगितली पाहिजे. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या एकतीस हजारांवर बायकांना माहिती दिली गेली, पण त्यांची तपासणी झाली नाही. यावर पुढे विद्वानांत बराच वाद झाला. शास्त्राला तुलनेचा गट लागतो हे आम्हांस समजते. तो गट दरवेळी गरिबांचाच का लागतो, हे समजत नाही.

आता यंत्राकडे वळू. रेडियम आपल्या हातांनी ठेवायचे, काढायचे, आणि ते आत असेतो परिचारिकांनी शेजारी वावरायचे, यात रोग्याबरोबर कामगारांनाही मात्रा मिळे. ती मात्र कोणी मागितलेली नसे. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कचे हेन्शके यांनी नवी रीत रूढ केली. आधी रिकामी नळी बसवायची, ती नीट बसली का ते पाहायचे, आणि मगच किरणद्रव्य आत सोडायचे. पुढे सोडण्याचे कामही यंत्राकडे गेले. रेडियम मागे पडून सीझियम आले, मग इरिडियम. इरिडियमचा कण भाताच्या दाण्याहूनही लहान. तारेच्या टोकाला बसवलेला. माणसे दाराबाहेर जातात, यंत्र तो कण नळीत ढकलते, ठरल्या ठिकाणी ठरले तितके सेकंद थांबवते आणि परत ओढून घेते. मँचेस्टरला सहा दिवस लागत ते काम दहा-पंधरा मिनिटांच्या काही खेपांत होते.

पण घाईचा हिशेब निराळा असतो. एक टन ऊस दिवसभरात गाडीत भरला काय आणि एका तासात भरला काय, काट्यावर टनच उतरतो. पाठीला मात्र फरक कळतो. शरीराचेही तसेच. सावकाश दिलेल्या मात्रेत निरोगी पेशींना मधल्या वेळी डागडुजी करता येते, झटपट दिलेल्या मात्रेत येत नाही. म्हणून झटपटच्या ९ ग्रे आणि सावकाशच्या ९ ग्रे यांची बरोबरी नाही. (ग्रे हे १९७५ पासूनचे एकक, जुने शंभर रॅड म्हणजे एक ग्रे.) झटपटच्या मात्रेचे तुकडे पाडावे लागतात आणि बाहेरच्या शेकाबरोबर बेरीज करताना तिचे मोल बदलून धरावे लागते.

यंत्रावर विसंबून माणूस गाफील राहिला तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात इंडियाना नावाच्या गावी १९९२ च्या नोव्हेंबरात घडले. तारेच्या टोकाचा इरिडियमचा कण तुटून रोगी बाईच्या शरीरातच राहिला. भिंतीवरचे इशारायंत्र वाजत होते. पण ते उगीचच वाजते असा लोकांचा समज, आणि मुख्य यंत्राच्या तबकडीवर सारे ठीक दिसत होते. ती बाई थोड्याच दिवसांत दगावली. कण नळीसह इस्पितळाच्या कचऱ्यात गेला आणि दुसऱ्या राज्यातल्या कचराभट्टीच्या दारावर मापकयंत्र वाजले, तेव्हा प्रकार उघडकीस आला. त्या मधल्या दिवसांत परिचारिका, शेजारचे रुग्ण, कचरा वाहणारे, अशा कितीतरी लोकांना किरण लागले होते. दोन काटे दोन आकडे दाखवू लागले की धन्याच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढा धडा तरी आम्ही फडात शिकलो आहोत.

इरिडियमची आणखी एक गंमत आहे. ते सुमारे ७४ दिवसांत निम्मे होते, म्हणजे रोज शेकड्याला साधारण एक या प्रमाणात झिजते. म्हणून तीच मात्रा द्यायला आज दहा मिनिटे लागत असतील, तर ७४ दिवसांनी वीस लागतील. पदार्थवैज्ञानिकाला रोज सकाळी नवा आकडा काढावा लागतो.

ही गोष्ट आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. वीसेक वर्षांमागे आमच्या चुलतीला हा रोग झाला. धारूरकडच्या डोंगरपट्ट्यातली बाई. चाळीस हंगाम तिने कोयता धरला. एका मोठ्या शहरातल्या इस्पितळात तिचा बाहेरचा पाच आठवड्यांचा शेक दिवाळीच्या आधी पुरा झाला. आतला शेक पुढच्याच आठवड्यात व्हायचा होता. पण त्या सालची उचल घेतलेली होती. मुकादम घरी आला. एका दिवसाचा खाडा पडला तर दंड, आणि पुरा कोयताच आला नाही तर उचल व्याजासकट परत, असे त्याने चुलत्यांना सांगितले. ती दोघे फडावर गेली. आम्ही त्या वेळी दुसऱ्याच एका संपात गुंतलो होतो. आम्हांस कळले तेव्हा महिना उलटून गेला होता. तिला घेऊन आम्ही इस्पितळात पोहोचलो ते पंचेचाळीस दिवस उशिरा.

आत नळी बसवून, यंत्र लावून, सारे आटोपल्यावर ती बाहेर आली आणि पहिली गोष्ट म्हणाली ती ही: "धर्मशाळेतल्या त्या बाईला धा मिन्टं लागली, अन् मला पंधरा? माझ्याच अंगावर जास्तीचं का घालायलेत? इचार की त्यांना." जन्मभर काट्याशी भांडलेली बाई, तिला काटामारीचाच संशय आला. आम्ही विचारले. तेथे मात्रा काढणारी एक तरुण मुलगी होती. ती रागावली नाही. तिने कागद काढून दाखवला. "मावशी, त्यांचं झालं तेव्हा आमचा इरिडियम नवा होता. आता दीड महिना झाला, तो दमलाय. तेवढंच काम करायला त्याला पाच मिनिटं जास्त लागतात. तुम्हांला दिलं ते त्यांच्याइतकंच." चुलतीला ते पटले. दमलेल्याला वेळ लागतो हे तिला कोणी शिकवायला नको होते.

आम्ही मात्र मागे थांबलो आणि विचारले की मग उशीर झाला त्याची भरपाई झाली म्हणायची. ती मुलगी जरा थांबून म्हणाली, "इरिडियमची झाली. गाठीची नाही." तिने समजावले ते असे. बाहेरचा आणि आतला शेक मिळून पहिल्या दिवसापासून साधारण आठ आठवड्यांत, छप्पन्न दिवसांत संपवायचा असतो. त्यापुढे रेंगाळलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता शेकडा अर्ध्या ते एकाने घटते, कारण अर्धवट मारलेली गाठ मधल्या काळात पुन्हा वाढू लागते, तीही आधीपेक्षा वेगाने. झिजलेल्या इरिडियमचे गणित सुटते, मिनिटे वाढवली की झाले. वाढलेल्या गाठीसाठी मात्रा वाढवावी, तर आधी सांगितलेले शेजारी आडवे येतात. बिंदू अ वरचा आकडा त्या दिवशी अगदी बरोबर होता. पुढच्या वर्षी चुलतीचा रोग उलटला आणि श्रावणात ती गेली.

ऊसतोड बायकांची आणखी एक गोष्ट याच हिशेबात येते. बीड जिल्ह्यात पिशवी काढण्याचा प्रकार २०१९ मध्ये देशभर गाजला. तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याचा आकडा त्या वर्षीच्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितला, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पाळीत खाडा पडू नये म्हणून पिशवी काढली, असे कित्येक बायकांनी सांगितले. कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली, असेही कित्येकींनी सांगितले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या विषयापुरते एवढेच की ज्या बाईला आधीच मुखाचा रोग असेल आणि नीट तपासणी न करता तिची पिशवी काढली जाईल, तिच्या बाबतीत आतला शेक देण्याची जागाच नाहीशी होते. नळी बसते ती गर्भाशयाच्या पोकळीत. पोकळी नाही तर पेरूचा आकार नाही, बिंदू अ नाही. नुसत्या योनीच्या माथ्यावरून जे देता येईल ते. रोगाच्या भीतीने काढलेला अवयव म्हणजे त्याच रोगावरच्या औषधाचे घर होते.

आज अशा उपचारासाठी मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. बार्शी आहे, छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून सरकारी कर्करोग इस्पितळ आहे. काटा जवळ आला आहे. राहिले ते छप्पन्न दिवस, आणि ते इस्पितळाच्या नव्हे, मुकादमाच्या वहीत असतात. उपचाराचा दिवस खाडा धरू नये, हे कलम आम्ही दर हंगामाआधी मुकादमांपुढे ठेवतो. काही तोंडी मान्य करतात, लिहून देत नाहीत.

तोवर आम्ही वस्तीवर बायकांना सणांवरून मोजून दाखवतो. इंग्रजी तारखांपेक्षा ते लवकर ध्यानात राहते. टोळी दसऱ्याला हलणार असेल तर पहिला शेक नागपंचमीच्या सुमारास सुरू व्हावा. ते सुमारे चौसष्ट दिवस होतात; आठवडाभर हाताशी राहतो. टोळी दिवाळी करून निघणार असेल तर पोळ्याला सुरू केलेला शेक, मध्ये अधिक महिना असो वा नसो, वसुबारसेच्या आत पुरा होतो. आणि शेक नागपंचमीला सुरू व्हायचा म्हणजे तपासणी आषाढातच व्हायला हवी. तेव्हा बायका गावात असतात, आणि मुकादम अजून उचल घेऊन दारात आलेला नसतो.